सामाईक धुराडं

हेल्डुरला राग आला होता तो घरात धूर होतो म्हणून नव्हे. धूर काय, थंडी पडल्यापासून रोजच होत होता. राग आला तो शेजारच्या लेइदाबाईंनी परस्पर धुराडं साफ करणारीला बोलावलं म्हणून. व्योरू गावातल्या त्या लाकडी घराचे दोन भाग. एकात हा, एकात त्या. छपरावर धुराडं मात्र एकच. अर्ध्या धुराड्याचा मालक आपण असून आपल्याला कोणी विचारत नाही, हे त्याने न्याहारीला तीनदा ऐकवलं. त्यावर त्याची बायको विर्वे एवढंच म्हणाली, की संध्याकाळपर्यंत चूल नीट पेटली नाही तर ती चालली बहिणीकडे, तार्तूला. बर्फ वितळलं की येईल.

हा सरळ अपमान होता. चाळीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाला एक उभी नळी साफ करता येऊ नये? त्याने दोरी काढली, तिला लोखंडी गोळा आणि तारेचा ब्रश बांधला आणि परसातून शिडी लावली.

धुराड्याला भोकं दोन, एकेका घराचं एक. आपलं घर उजवीकडे, म्हणून त्याने उजव्या भोकात गोळा सोडला. घर उजवीकडे दिसतं ते रस्त्यावरून; परसातून ते डावीकडे जातं. ही किरकोळ बाब भूमितीच्या नजरेतून सुटली.

दहा वेळा ब्रश खालीवर झाला. चुलीपाशी बादली धरून बसलेल्या विर्वेला त्याने विचारलं, किती काजळी पडली?

"काही नाही," ती खिडकीतून म्हणाली. "बादलीत दूध ठेवावं इतकी स्वच्छ आहे."

"नीट बघ."

"बादलीत आणखी नीट काय बघायचं असतं, हेल्डुर?"

आता तो काजळीवरही चिडला. त्याने सगळा जोर लावून ब्रश हाणला. तेवढ्यात भोकातूनच, खालून, आवाज आला. आवाज तरुण होता आणि फार अदबीने विचारत होता, की काका, जरा थांबता का, म्हणजे मला डोकं बाहेर काढता येईल.

"तुमचं डोकं माझ्या धुराड्यात काय करतंय?"

"तुमच्या नाही, लेइदाबाईंच्या."

खाली उतरेपर्यंत हेल्डुरने, भोकांवर नावं न घालणाऱ्या गवंड्याचा आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिकडे धुराडं साफ करायला आलेल्या पिले नावाच्या त्या मुलीने डोळे पुसत लेइदाबाईंची चूल पेटवली. ती अशी पेटली, की लेइदाबाई वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी गोड बोलल्या. "मास्तर, हात चांगला आहे हो तुमचा."

हेल्डुर घराकडे वळला तर विर्वे पिशवी घेऊन निघालेली. अजून संध्याकाळ झालेली नाही, हे त्याने चढ्या आवाजात तिच्या निदर्शनास आणलं. ती त्याच्या अंगावरून पुढे गेली आणि लेइदाबाईंच्या पायऱ्या चढली.

"तार्तूला जाणार होतीस ना?"

"तूच साफ केलेल्या धुराड्याखाली बसतेय, तर त्यातही राग?"

काम कसं झालंय ते तपासणं भाग होतं, म्हणून तोही बूट काढून आत गेला आणि चुलीच्या सगळ्यात जवळच्या खुर्चीत बसला. पिलेने विचारलं, आलेच आहे तर दुसरं भोकही करून टाकू का?

"त्याला कोणी हात लावायचा नाही," हेल्डुर म्हणाला. "ते मी करणार. उद्या."

विर्वेने पिशवीतून दोघांच्या सपाता काढल्या आणि लेइदाबाईंच्या चुलीशेजारी मांडून ठेवल्या.