हाकेला उतरलेलं नाव

शेलूबाजारच्या आमच्या गल्लीला मध्यंतरी महिनाभर कोंबड्याची गरज पडली नाही. उजाडलं की नाना त्यांच्या बागेतल्या विहिरीच्या काठावर उभे राहायचे, दोन्ही हात तोंडाशी धरायचे आणि एका बाईला हाक मारायचे. रोज वेगळ्या बाईला.

पहिल्या दिवशी "सुशीलाऽऽ" अशी हाक आली. सुशीला हे माझ्या बायकोचं नाव. ती झोपेतच "ओ" म्हणाली, पदर सावरत मागच्या दारात गेली आणि विचारती झाली, "काय झालं नाना?"

"काई नाई, तू झोप," नाना म्हणाले. "तुह्यं नाव पाहून राह्यलो. लांबून हाक मारली का शेवटाले बसते थे."

बायकोचं नाव शेवटाला बसतं, ही माहिती मला संसाराची इतकी वर्षं काढल्यावर मिळाली. त्या दिवशीच्या चहात साखरही बेताची होती.

नाना आमचे शेजारी. माझ्या घराच्या मागच्या भिंतीला लागून त्यांची भाजीची बाग आहे. मेथी, वांगी, पालक आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, एवढ्यावर त्यांचं आयुष्य सुखात चाललं होतं. मग पुण्याच्या मुलाला मुलगी झाली. सून पल्लवी फोनवर म्हणाली, "बाबा, नाव जुनंच ठेवायचंय. कोणतं ते तुम्ही सांगा. बारसं आपल्याकडेच करू." तिनं चांगल्या मनानं सांगितलं, पण माकडाच्या हाती कोलीत दिलं.

नानांचं म्हणणं साधं होतं. "मास्तर, मेथीची जुडी आपण हुंगून घेतो. वांगं दाबून घेतो. अन् नाव निस्तं तोंडातल्या तोंडात म्हणून ठेवाचं? नाव हाकेसाठी असते. विहिरीपासून मारलेली हाक बांधापोतर पोचली पाह्यजे. नावात दम पाह्यजे."

मी टेलर, म्हणून मी मास्तर. माप घेतल्याशिवाय कापड कापू नये हे मला पटतं, पण माप घेण्याची वेळ पहाटेचीच का, हे मी विचारलं. नाना म्हणाले, "तवा वारा पडेल असते."

दम नसलेली नावं भराभर गळत गेली. मालती कुंपणापाशीच अडकली. शांता म्हणून बोंबलायला नानांनाच लाज वाटली. सरस्वती त्यांना फार आवडलं होतं, पण ते लांबीत मार खाऊन गेलं. "अख्खं नाव घेईपोतर पोट्टी सायकलवरून पडून जाईन," नाना म्हणाले. गंगा या नावाला त्यांच्याच म्हशीनं ओरडून उत्तर दिलं, त्यामुळे तो विषय तिथंच मिटला.

सावित्रीची परीक्षा त्यांनी नेमकी बाजाराच्या दिवशी, मंगरूळपीरच्या जीपा लागतात तिथं घेतली. गर्दीत नाव टिकतं का ते पाहायचं होतं म्हणे. भरलेल्या जीपमधून दोन म्हाताऱ्या पिशव्यांसकट खाली उतरल्या. जीपवाला नानांवर उखडला. म्हाताऱ्या काही उखडल्या नाहीत. एवढ्या प्रेमानं आपल्याला कोण बोलावतंय, म्हणून त्या बराच वेळ इकडंतिकडं पाहत राहिल्या.

बारसं जवळ आलं तसा हा माणूस एका जागी बसेना. दुकानात यायचा, स्टुलावर टेकायचा, लगेच उठायचा, माझी कात्री उचलून दुसरीकडे ठेवायचा आणि निघून जायचा. मी दाढी करत असताना मागच्या दारातून विचारायचा, "रुक्मिणी कसं वाटते?" मी गालाला साबण लावलेला, मान हलवली तरी पंचाईत. एकदा मी चिडून म्हणालो, "नाना, अहो लेकराचं नाव आहे. आवडलं ते ठेवा आणि मोकळे व्हा."

"तसंच ठेवलं व्हतं एकडाव," ते म्हणाले आणि बागेकडे वळले.

या सगळ्या धुमाकुळात सुमनकाकू, म्हणजे नानांची बायको, शांत होत्या. नाना सरस्वती म्हणोत की सावित्री, त्या खाली मान घालून वाफ्यातलं गवत काढत. नाना त्यांना कधी नावानं बोलवत नसत. "ऐकलं का वं" एवढंच. आमच्याकडची जुनी माणसं तशीच. "काकूंना विचारा की," असं मी एकदा सुचवलं, तर नाना माझ्याकडे असे बघायला लागले की मी मुकाट्यानं मशीन चालवायला घेतली.

शनिवारी मुलगा आणि सून बाळाला घेऊन आले. रविवारी बारसं, आणि नावाचा पत्ता नाही. संध्याकाळी मी पाळण्याच्या झालरी द्यायला गेलो, तर पल्लवी बाळाला खांद्यावर घेऊन ओट्यावर उभी, आणि नाना विहिरीपाशी फेऱ्या मारताहेत. पार दुसऱ्या टोकाला, बांधाजवळ, काकू वाकून सांबार उपटत होत्या.

नाना थांबले. हात तोंडाशी नेले, खाली घेतले, पुन्हा नेले.

"वेणूऽऽ"

बांधावरून लगेच उत्तर आलं, "ओऽऽ"

काकू उभ्या राहिल्या होत्या. हातात सांबाराची जुडी तशीच. त्या नानांकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या. "कोन आलं?" त्यांनी विचारलं. "माह्या माहेरचं कोनी आलं काय?"

नाना विहिरीच्या काठावर बसले. महिनाभरात त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"हिचंच नाव हाय थे," ते मला म्हणाले. "लग्नात भटजीनं इचारलं, नवरीचं नाव काय ठेवाचं? म्या म्हटलं, सुमन. तवा सारेच सुमन ठेवत व्हते. कांद्याचा भाव सांगाले याच्यापरीस जास्त येळ घेतो मी, मास्तर. हिले तर कोनी इचारलंच नाई. मायबाप होते तवर थे वेणू म्हनत. थे गेले, अन् नाव बी गेलं."

हातातली झालर मी उगीचच पुन्हा घडी घातली.

तोवर काकू येऊन पोचल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "जित्या माणसाचं नाव लेकराले ठेवत नाईत."

"जितं कुठी ठेवलं मी त्याले?" नाना खाली बघत म्हणाले.

मग पल्लवी ओट्यावरून खाली उतरत म्हणाली, "आई, मला वेणू फार आवडलं. पण मोठी झाल्यावर हिला रागवायचं कसं? सासूचं नाव घेऊन?"

"रागाव," काकू म्हणाल्या. "मले बी त्या नावानं कोनी रागावून लय दिवस झाले."

दुसऱ्या दिवशी कारंज्याहून आलेल्या आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून वेणू हे नाव सांगितलं. बाळानं जोरात भोकाड पसरलं. आवाज बांधापर्यंत नक्की गेला असणार. नानांनी घुगऱ्या वाटताना प्रत्येकाला ते नाव एकदा म्हणायला लावलं, मलाही. सोमवारी मंडळी पुण्याला गेली आणि आता निदान झोप मिळेल म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला.

मंगळवारी उजाडता उजाडता विहिरीवरून हाक आली. "वेणूऽऽ"

"बाळ तर गेलं पुण्याले," सुशीला अंथरुणातूनच म्हणाली. "आता कायले ओरडून राह्यले?"

मी मागचं दार जरासं उघडलं. काकू बांधाजवळ वाकलेल्या होत्या.

"ओ," त्या म्हणाल्या. "काय काम हाय?"

"काई नाई."

"मंग कायले हाक मारली?"

"पोचते का, थे पाह्यत व्हतो."

काकूंनी पुन्हा वाफ्यात हात घातला.

"पोचली," त्या म्हणाल्या.