चॅन्सेलरसाहेबांची व्युत्पत्ती

विद्यापीठाच्या व्युत्पत्तिकोशात ‘चॅन्सेलर’ या शब्दाची नोंद तयार झाली आणि नियमाप्रमाणे मंजुरीसाठी चॅन्सेलरांच्याच कार्यालयात गेली. नोंद साधी होती. मूळ शब्द लॅटिन. अर्थ, न्यायालयात जाळीच्या दारापाशी उभा राहणारा शिपाई. जर्मनांनी त्याला बढत्या देत थेट सरकारप्रमुख केले, इटालियनांनी कोर्टाचा कारकून करून ठेवले.

कार्यालयात भूकंप झाला. ताबडतोब समिती नेमली गेली. आमच्यापैकी एकालाही लॅटिन येत नव्हते, त्यामुळे निःपक्षपातीपणाची पूर्ण खात्री होती. मी सचिव होतो.

कोशकार बाईंना बोलावले. हा खंड छापला गेला तरच त्यांची कोशातली नोकरी कायम होणार होती.

“बाई, शिपायाऐवजी दुसरं काही बसेल का? सेनापती वगैरे?” अध्यक्षांनी विचारले.

“सर, शब्दाचे आईबाप कसे बदलणार?”

“फ्रेंचांना विचारलंत?”

“त्यांचंही आजोळ तेच.”

“आणि स्पॅनिश?”

“तेही त्याच घरातले.”

“म्हणजे सगळ्यांचं संगनमत आहे!” अध्यक्ष म्हणाले. मी ते इतिवृत्तात घेतले.

लॅटिन भाषेला कारणे दाखवा नोटीस निघाली. विहित मुदतीत उत्तर आले नाही, तेव्हा आरोप मान्य असल्याचे गृहीत धरले. तरीही मूळ काही हलेना. मग समितीने साहेबांच्या दारावरचा शिपाईच हलवला. दारावर शिपाईच नसला तर तुलना कोणाशी करणार? पद रद्द झाले, दारावरचे काका ग्रंथालयात गेले.

दार मोकळे झाल्यावर लोक तक्रारी घेऊन थेट साहेबांच्या दालनात शिरू लागले. म्हणून ‘प्रवेश समन्वयक’ हे नवे पद निघाले आणि तिथे शिक्षा म्हणून बाईंनाच बसवले. खंड बासनात गेला. बाई मात्र कायम झाल्या.

आता साहेब कोणाला भेटणार, ते बाई ठरवतात. प्राध्यापक त्यांची विचारपूस करतात, अध्यक्ष त्यांच्या मुलीचे अभ्यासाचे प्रश्न सोडवून देतात.

“बाई, कोशाचं काय?” परवा मी हळूच विचारले.

“कोशाकडे कोणी फिरकत नव्हतं. इथे बघा, केवढी रांग!” त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

मला वाईट वाटले, खरेच वाटले. पण माझेही काम साहेबांकडे अडले होते, म्हणून रांगेत जाऊन उभा राहिलो.

तुम्ही हसू नका. रांगेत माझ्या मागे तुम्हीच होतात, आणि बाईंनी मान वर केली तेव्हा माझ्याआधी तुम्ही वाकलात.