चालकाच्या सहीचा रकाना

ज्या यंत्राला माणूस लागत नाही, त्याच्यासाठी माणसं जास्त लागतात. चंदीगडच्या चालकविरहित, मध्यम क्षमतेच्या विजेच्या गाडीवर सध्या एकशे बारा कर्मचारी आहेत. (मध्यम म्हणजे किती, हे ठरवणाऱ्या समितीचे नऊ जण धरून.)

शेजारचं खरड गाव ते शहरातलं सेक्टर ३० अशा शंभर चाचणी फेऱ्या ठरल्या. गाडी आपली आपण सुटायची, आपली आपण थांबायची. कुठे म्हणून खोट नव्हती, त्यामुळे कार्यालयात थोडं अस्वस्थ वातावरण होतं.

चाचणी अधिकारी लक्ष्मीकांत देवतळे मूळचे वर्ध्याचे. इथली तीन वर्षं संपलेली, वर्ध्याच्या बदलीचा हुकूम हातात, सेक्टर ६७ च्या घरी पत्नी प्रतिमानं खोकीही बांधलेली. वर्ध्याला ब्याऐंशी वर्षांचे वडील एकटे. ते रोज फोनवर विचारत, "कवा येऊन राह्यला रे बाबू?" चाचणीचा अहवाल मंजूर झाला की लक्ष्मीकांत मोकळे होणार होते.

फेरीचा तक्ता मात्र जुन्या बसखात्याचा होता. शेवटचा रकाना : चालकाची सही. लक्ष्मीकांतांनी प्रामाणिकपणे 'लागू नाही' लिहिलं. कागद परत आला : 'चालक गैरहजर असल्यास रजेचा अर्ज जोडावा.' सरकारी माणूस उपाशी राहील, पण रकाना रिकामा ठेवणार नाही. लक्ष्मीकांतांनी शंभर वेळा स्वतःची सही ठोकली.

अहवाल त्याच दिवशी मंजूर झाला. निष्कर्ष असा : शंभर फेऱ्यांत एकही अपघात नाही, आणि शंभरही फेऱ्यांना चालक एकच. सबब चालकविरहित गाडीच्या अशा अनुभवी चालकाची बदली जनहितार्थ रद्द.

"देवतळे जी, आपके बिना गाड़ी कैसे चलेगी?" साहेब, नरेंद्रजी, कौतुकानं म्हणाले.

"सर, गाड़ी तो अपने आप चलती है."

"हां जी, वो तो पक्का. पर साइन कौन करेगा?"

प्रतिमानं खोक्यातून कुकर बाहेर काढला. मुलगी अवनी म्हणाली, "पापा, आप ट्रेन चलाते हो? बताया क्यों नहीं?" वडील फोनवर म्हणाले, "गाडी तूच चालवतं ना? मंग इकडंच घेऊन ये ना." त्या दिवशी लक्ष्मीकांत गच्चीवर जाऊन रडले. (रडण्याचा रकाना तक्त्यात नसल्यानं नोंद नाही.)

आता ते गाडीच्या सर्वांत पुढच्या आसनावर गणवेश घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसतात. त्यांच्यापुढे नुसती काच आहे. पाहणीत शंभरांपैकी सत्त्याण्णव प्रवाशांनी 'चालकाची गरज नाही' असं लिहून दिलं. (लिहिण्याआधी सगळ्यांनी पुढे कोण बसलंय ते वाकून पाहिलं. उरलेले तिघे पुढेच बसले होते, त्यांना लक्ष्मीकांतांचे रिकामे हात दिसत होते.)

लक्ष्मीकांतांनी बदलीचा नवा अर्ज केला आहे. कार्यालय कठोर नाही, अट एकच घातली आहे : पुढचं आसन रिकामं असताना पहिली फेरी करायला तयार असलेल्या एका प्रवाशाची सही हवी. अर्ज स्टेशनच्या खिडकीवर सात महिने पडून आहे. रोज माणसं तो वाचतात, हळहळतात, व्यवस्थेवर हसतात आणि गाडी पकडायला धावतात.

तुम्हीही आत्ता हसलात, म्हणजे तुमचा यंत्रावर पूर्ण विश्वास दिसतो. पेन दोरीला बांधलेलं आहे. घ्या.