चंद्राची पहाणी

आमचे शेजारी देवरावकाका पायमोजे हातांत घालायचे. लोकरीचे, तपकिरी, एकाच्या टोकाला भोक पडलेले. मोज्यांशिवाय त्यांनी दगडाला कधी हात लावला नाही.

काका जन्मभर आमच्या बेला गावचे पटवारी. एकोणीसशे ऐंशीनंतर सरकारने पटवारीगिरीच बंद केली आणि त्याच सुमारास त्यांनी नागपूरच्या कुठल्याशा पेपरात वाचलं, की चंद्रावरून आणलेले पुष्कळ दगड आपल्या काळ्या पत्थराच्याच जातीचे आहेत, फक्त त्यांत पाण्याचा अंश नाही. शास्त्रज्ञ ते बंद पेटीत ठेवतात आणि हातमोजे घालून तपासतात, कारण हात लागला की नमुना बिघडतो. झालं. काका शिवारातले काळे दगड वेचू लागले. ताडून पाहायला चंद्राचा दगड नव्हता, पण एवढ्यावरून अडेल तो पटवारी कसला?

"ते चंद्रावर, मौक्यावर गेले, मी घरी बसून पाहून राह्यलो. एवढाच फरक," ते म्हणायचे.

शेताची नोंद असते तशी प्रत्येक दगडाला पहाणीची चिठ्ठी असे. पेपरातल्या चंद्राच्या फोटोलाही होती: 'मौजा चंद्र. पाणी नाही. कब्जेदार कोणी नाही.'

"सोयीचं गाव हाय, गुरुजी. कोणी मरत नाही, कोणाचं नाव कमी करा लागत नाही," ते मला सांगायचे.

हे सगळे दगड काकांच्या सुनेने माहेरून आणलेल्या काचेच्या कपाटात. ते आलं होतं कपबश्यांसाठी. दिवाळीला तिच्या माहेरची माणसं येणार होती. तिने मला गाठलं.

"गुरुजी, तुमी शाळेत विज्ञान शिकवता. मामाजी तुमचं ऐकतीन. थोडी जागा करून द्या मले."

मी गेलो. काकांनी मलाही मोज्यांचा एक जोड दिला. वरचे दोन खण त्यांनी मुकाट्याने सोडले. बांधावरचे, ओढ्यातले, तलमडुगू गावच्या सोयऱ्याने बसने आणलेले सारे दगड टोपलीत गेले. माझा हात खालच्या खणाकडे जाताच मात्र ते आडवे आले.

आत एक वरवंटा होता. हळदीचे डाग तसेच वाळलेले.

"काका, हा काऊन इथं?"

"धुतला का बिघडते."

मी चिठ्ठी वाचली. 'मौजा घर. कब्जेदार अनसूयाबाई.' अनसूयाकाकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

"नाव कमी करायचं राहिलं की," मी बोलून गेलो, आणि माझा मलाच राग आला.

काकांनी मोजा मनगटापर्यंत ओढला. "साऱ्या गावातल्या मेलेल्यायची नावं मीच कमी केली, गुरुजी. हे एक नाही होऊन राह्यलं."

सून दारातच उभी होती. ती आत आली.

"वरच्या दोन खणांत मावतात कपबश्या, मामाजी," ती म्हणाली. मग खालच्या खणाची काच पुसायला तिने फडकं घेतलं, आणि त्याआधी माझ्या हातातले मोजे मागून घेतले.