आकारामची चौथी नोकरी

सरकार घेतलेले पैसे परतही देतं, हे आकारामला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

साल पंचाहत्तर. आकाराम एका साखर कारखान्याच्या कोल्हापुरातल्या कचेरीत कारकून होता. विम्याच्या हप्त्याची पावती मार्चच्या आत कचेरीत द्यायची असते, ती त्या वर्षी वेळेवर मिळाली नाही. (बायकोने, म्हणजे शालूबाईंनी, ती गव्हाच्या डब्यात जपून ठेवली होती, इतकी जपून, की डबा रिकामा झाला तेव्हा जूनमध्ये सापडली.) पावती नाही म्हणून कचेरीने पगारातून जास्तीचा इन्कम टॅक्स कापला. शेजारच्या टेबलावरच्या रशीदने आकडेमोड करून सांगितलं, की अर्ज केला तर एकशे बासष्ट रुपये रिफंड येईल.

एकशे बासष्ट म्हणजे प्रेशर कुकर. गल्लीत तो तेव्हा एकट्या झुंबरबाईंकडे होता. त्यांच्याकडे शिट्टी झाली की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, आणि झुंबरबाई दोन माणसांच्या भातालाही चार शिट्ट्या काढायच्या. शालूबाईंचं मटण मात्र रॉकेलच्या स्टोव्हवर दोन-दोन तास रटरटायचं. त्यांनी कुकर कधी मागितला नाही. पण शिट्टी ऐकू आली की त्या बोलता बोलता थांबायच्या, आणि ते थांबणं आकारामच्या जिवाला लागायचं. म्हणून अर्जाचा कागद हातात येण्याआधीच त्याने बायकोला सांगून टाकलं, की यंदा कुकर नक्की.

अर्जात उत्पन्नाचा रकाना होता. आकारामने कारखान्याचा पगार लिहिला. संध्याकाळी तो एका थिएटरच्या बुकिंगच्या खिडकीत बसायचा, त्याचे महिना दोनशे मिळायचे. ते त्याने लिहिले नाहीत. यात लबाडी अजिबात नव्हती. ज्याने टॅक्स कापला त्याचंच नाव अर्जात यायला हवं, असं त्याचं म्हणणं. थिएटरवाल्याने बिचाऱ्याने एक पैसा कापला नव्हता, मग त्याला यात कशाला ओढायचं? (रशीदलाही हे पटलं. दोघांचा मिळून तेवीस वर्षांचा कारकुनीचा अनुभव होता.)

अर्ज गेला. पुढच्या रविवारी सकाळी आकाराम दूध कट्ट्यावर गेला. ते दिवसच वेगळे होते. म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात आणि वर बोटभर फेस. ते दूध पिऊन माणूस घरी जायचा तो निम्मा पैलवान होऊनच. आता तसं दूध नाही आणि ते पचवणारी पोटंही नाहीत.

कट्ट्यावर एक परका गृहस्थ पेल्यातल्या फेसाकडे घाबरून बघत उभा होता. आकारामने त्याला पेला संपवायला लावला, दुसरा पाजला आणि दोन्हीचे पैसे दिले. गृहस्थ अकोल्याकडचे, चार दिवसांपूर्वी बदलीवर आलेले. सरकारी कचेरीत होते आणि खानावळीचं जेवण त्यांना सोसत नव्हतं. कुठली कचेरी, हे आकारामने विचारलं नाही. पाहुण्याच्या पोटात अन्न जाण्याआधी त्याची चौकशी करणं कोल्हापुरात बरं दिसत नाही.

"चला पावणं, घरला," तो म्हणाला. "मटण आणलंय. खानावळीचं नाव काढायचं न्हाई."

दुपारी पाहुणे पाटावर बसले. तांबड्या रश्श्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं, पांढऱ्याने ते पुसलं, आणि तिसऱ्या भाकरीला ते अगदी घरचे झाले. कौतुकाने म्हणाले, की एका पगारात एवढा पाहुणचार करणं सोपं नाही.

बोलले ते चांगल्या मनाने. पण महिन्यापूर्वीच शालूबाईंची मावशी धोंडुबाई सगळ्या पाहुण्यांदेखत विचारून गेली होती, की एवढ्याशा एका पगारात तुमचं भागतं तरी कसं. ते शब्द शालूबाईंच्या मनातून गेले नव्हते. त्यांनी रश्श्याचं पातेलं खाली ठेवलं.

"एका पगारात कोण म्हणलं? दिसा कारखान्याची कचेरी, सांजच्याला थेटरात बुकिंग. आणि कुस्त्यांच्या मैदानात लाउडस्पीकरवर ह्यांच्याबिगर दुसरं कोण बोलत न्हाई."

आकारामची छाती फुगली. त्याने पाहुण्यांना मटणाच्या आणखी दोन फोडी वाढल्या. पाहुण्यांचा हात मात्र एकदम मंदावला. त्यांना हे खरं वाटत नसावं, असं शालूबाईंना वाटलं.

"आणि गुळाच्या पेढीवर लिहायला जात्यात, ते येगळंच," त्यांनी ठोकून दिलं.

आकारामला ठसका लागला. गुळाच्या पेढीची पायरीसुद्धा तो कधी चढला नव्हता. पण पाहुण्यासमोर बायकोचा शब्द खाली पाडायचा तरी कसा? तो पाणी पीत राहिला.

हात धुऊन पान लावताना आकारामने अखेर कचेरी विचारली.

"इन्कम टॅक्स," पाहुणे खाली बघत म्हणाले. "तुमचा रिफंडचा अर्ज कालच माझ्या टेबलावर आलाय. त्यात एकच नोकरी आहे."

आकारामने थिएटरवाल्याने काहीच कापलं नसल्याची बाजू मांडली. पाहुण्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"टॅक्स नोकरीवर नसतो हो, माणसावर असतो. किती का ठिकाणांहून पैसा येईना, सगळा एकत्र धरायचा. तुमचं अन्न खाल्लंय म्हणून आधीच सांगतो. मंगळवारी या आणि सगळं लिहून नवा अर्ज द्या. माझी नोटीस तुमच्या दारात यायला नको."

मंगळवारी शालूबाईही बरोबर निघाल्या. पाहुण्याला आपण पोटभर वाढलंय, तर आपलं तोंड बघून तरी तो कुकरएवढे पैसे सोडेल, अशी त्यांना आशा होती. कांदा-लसूण चटणीची बरणीही त्यांनी घेतली. साहेबांनी ती अदबीने परत त्यांच्याच हातात दिली, तेव्हा आशा निम्मी झाली.

साहेबांनी थिएटरचे दोनशे लिहून घेतले. तेवढ्यानेच रिफंड बुडाला. कुस्त्यांचं काय मिळतं, असं विचारल्यावर आकाराम म्हणाला, फेटा आणि नारळ. फेटा राहू द्या, साहेब म्हणाले.

"आणि गुळाची पेढी?"

आकारामने बायकोकडे पाहिलं. शालूबाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते. नाही म्हणावं, तर भरल्या कचेरीत ती खोटी पडत होती. आकारामला तिची फार माया आली. कुकर तर गेलाच होता. निदान तिची मान तरी वर राहू दे.

"हाय की," तो म्हणाला. "साठ मिळत्यात."

साहेबांनी साठ लिहिले, बेरीज केली आणि कागद पुढे सरकवला. मिळायचं लांबच, उलट दोनशे बावीस रुपये भरायचे निघाले. आकारामने छातीठोक सही केली. एवढं मोठं काम त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं.

बाहेर आल्यावर शालूबाई चटणीची बरणी पोटाशी धरून चालत होत्या. त्यांचे डोळे भरून येतील, निदान एखादा गोड शब्द तरी येईल, म्हणून आकाराम वाट बघत होता. चौकात आल्यावर त्या थांबल्या.

"मी आपलं पावण्याला सांगायचं म्हणून सांगितलं हुतं. म्हंजे ते खरंच हाय व्हय?"

आकाराम तोंड उघडणार, तोच त्यांचा पुढचा प्रश्न आला.

"मग ते साठ रुपय दर म्हैन्याला जात्यात कुठं?"

त्याने सगळं समजावून सांगितलं. ती खोटी पडू नये म्हणून आपण खोटं बोललो, असंही सांगितलं. जोतिबाची शपथ घेतली. शालूबाईंनी एक शब्द मानला नाही.

"शपथ रस्त्यावर घेताय. सही सरकारपुढं केलीसा."

तीन दिवस ताट पुढे सरकवण्यापलीकडे बोलणं झालं नाही. चौथ्या दिवशी आकाराम सकाळी लवकर उठून मार्केट यार्डात गेला आणि गुळाच्या पाच पेढ्यांवरून नकार घेऊन पुढे सरकला. सहाव्या अडत्याने सकाळचे दोन तास लिहायला ठेवून घेतलं, पण चाळीसाच्या वर एक रुपया द्यायला तो तयार होईना. मग तिथले चाळीस आणि स्वतःच्या पान-तंबाखूतले वीस, असे साठ रुपये आकाराम दर महिन्याला बायकोच्या हातावर ठेवू लागला. (टॅक्स पुढेही साठांवरच भरला. चाळीस लिहायला गेला असता, तर घरी पुन्हा वीस रुपयांची चौकशी लागली असती.)

त्या पैशांतून दिवाळीला कुकर आला. पुढे कित्येक वर्षं शालूबाई जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो मोठ्या अभिमानाने दाखवायच्या.

"ह्यांनी एक नोकरी माझ्यापासनं लपवून ठेवली हुती," त्या सांगायच्या. "इन्कम टॅक्सवाल्यांनी पकडून दिली, म्हणून ह्यो कुकर."