जोतीरामच्या खात्यातलं सरकार

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात बुद्धिमान माणसे पुष्कळ आहेत, पण त्यांची बुद्धी ऊस, कुस्ती आणि भाऊबंदकी यांतच खर्ची पडते. निव्वळ गुन्हेशोधनाला वाहिलेली अशी एकच बुद्धी शिल्लक आहे आणि ती इस्लामपुरात माझ्या डोक्यात मुक्कामाला असते. मी गुप्तहेर आकाराम. घरावर तशी पाटीच आहे आणि ती लांबून दिसावी म्हणून तिला दिवाही लावलाय. गुप्तहेराने पाटी लावावी का, असा प्रश्न काही लोक विचारतात. ते लोक म्हणजे माझी बायको संयोगिता. ती माझी सहायकही आहे, कारण दुसरे कुणी तयार झाले नाही.

माझी कीर्ती मी सांगणे बरे नव्हे, म्हणून थोडक्यात सांगतो. शिराळ्याच्या नागपंचमीत एका पाहुण्यांची हरवलेली चप्पल मी केवळ तर्काने शोधून काढली होती. ती त्यांची नव्हती, हे नंतर कळले.

तर परवा सकाळी माजी सैनिक जोतीराम माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्या चेहऱ्यावर एकच नजर टाकली आणि म्हणालो, "म्हस आजारी हाय."

"म्हस कवाच इकली."

"म्हणूनच दुःखी दिसतोयस."

"आकाराम, रसूल माझ्याशी बोलंना झालाय रं."

आता मात्र मी चमकलो. रसूलचे गाद्यांचे दुकान जोतीरामच्या घराला लागूनच आहे. दोघे शाळेपासूनचे दोस्त. जोतीराम फौजेत असताना त्याच्या आईचे औषधपाणी रसूलनेच बघितले होते. ही दोन माणसे एकमेकांशी बोलत नाहीत म्हणजे गावात काहीतरी भयंकर घडले होते.

प्रकरण असे. बाजार थंड पडलाय, लोकांच्या हातात पैसा आला तर दुकाने चालतील, म्हणून सरकार घरटी काही रक्कम देणार अशी हवा गावात होती. कुणीतरी मांडव टाकून फॉर्मही भरून घेतले. त्या दिवशी रसूल गाद्या पोचवायला कवठे महांकाळला गेला होता, म्हणून त्याचा फॉर्म जोतीरामनेच नेऊन दिला. आणि गेल्या आठवड्यात जोतीरामच्या खात्यात साडेअकरा हजार जमा झाले. रसूलच्या खात्यात शून्य.

"त्यो म्हणतोय, मी माझा तेवढा फॉर्म दिला आन् त्याचा रद्दीत टाकला. मला पैसं नगंत गड्या. मला रसूल पायजे." जोतीराम उंबऱ्यावरच बसला. मलाही फार वाईट वाटले. बराच वेळ मी फीचा विषयसुद्धा काढला नाही.

बँकेच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याचे नाव अर्धेच आले होते. आधी सी, एम, पी आणि पुढे आय, टी, डी. जोतीरामला त्यातून काही बोध होईना. मला झाला.

"सीएम म्हंजे मुख्यमंत्री. पी म्हंजे प्याकेज. मुख्यमंत्री प्याकेज!"

"आन् आयटीडी?" संयोगिताने विचारले.

"इस्लामपूर तालुका डिव्हिजन."

"तालुका वाळवा हाय," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

सहायक तपशिलात शिरला की तपास रेंगाळतो. मी पुढे सरकलो. पैसे योजनेचेच, हे तर सिद्ध झाले होते. मग जोतीरामलाच का मिळाले? फौजी कोटा असणार!

"गल्लीत आणखी चार फौजी हायत की," जोतीराम म्हणाला. "त्यास्नी कुठं आलं?"

मी फौजी कोटा रद्द केला. मोठ्या गुप्तहेराला चूक मान्य करता आली पाहिजे, निदान मनातल्या मनात. उरला एकच प्रश्न: रसूलचा फॉर्म गेला कुठे?

"मांडवात गाद्या कुणाच्या हुत्या?" मी डोळे बारीक करून विचारले.

"रसूलच्याच. भाड्यानं दिल्या हुत्या."

"झालं तर! फॉर्म टेबलावरनं घसरला, गादीच्या उसवल्या शिवणीतनं आत गेला आन् गादीबरोबर दुकानात परत आला. रसूल रोज आपल्याच फॉर्मवर बसतोय!"

जोतीराम माझ्याकडे बघतच राहिला. माझे तर्क ऐकून माणसांचे असे होते.

आम्ही तिघे रसूलच्या दुकानात गेलो. जोतीराम पायरीखालीच थांबला. रसूलने मान वर न करता टाका घातला आणि मला म्हणाला, "त्याला सांग, उनात उभा ऱ्हाऊ नको म्हणावं. पर आत बी येऊ नको म्हणावं."

वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मांडवातल्या गाद्या तपासायच्या आहेत एवढे सांगून मी कात्री उचलली आणि सर्वांत संशयास्पद दिसणारी गादी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली.

"आरं, आरं! ती मांडवातली न्हवं!" रसूल ओरडला. "ती नवरीच्या रुखवताची हाय!"

कापूस छताला लागला. पंखा चालू होता, त्यामुळे पुरावा चहूबाजूंनी तपासता आला. फॉर्म नव्हता. म्हणजे, नाइलाजाने का होईना, गुन्हेगार एकच उरत होता. मी गर्रकन वळलो आणि जोतीरामवर बोट रोखले.

"कर नाही त्याला डर कशाला? मग तू घाबरतोस का?"

"कर न्हाई म्हणूनच पैसं माघारी आल्यात की!" मागून आवाज आला.

दारात जोतीरामची बायको मंगल उभी होती. आरडाओरडा ऐकून ती हातातले पीठ न धुताच आली होती.

"काय म्हणालात, वैनी?" मी सावधपणे विचारले.

"ह्यांच्या पेन्शनीच्या पैशाची बँकेत ठेव हाय, भावजी. तिच्या याजावर बँकेनं कर कापला हुता. आमच्या मिळकतीला कर बसतच न्हाई. म्हणून जावयानं रिटर्न भरला आन् कापल्यालं माघारी आलं. आयटीडी म्हंजे इनकम टॅक्सवालं." मग ती नवऱ्याकडे वळली. "आवं, तुमास्नी सांगितलं न्हवतं व्हय? तुमी कुस्ती बघत हुता आन् 'बरं' म्हणाला."

"आपण भरलं तर आपलं पैसं जायला पायजेत," जोतीराम म्हणाला. "आलं कसं?"

"भरायचा कागूद असतोय. पैसं न्हवं."

संयोगिताने माझ्या हातातली कात्री काढून घेतली. ते मला जास्त लागले. खरे तर मीही शेवटी याच निष्कर्षाला येणार होतो, पण मंगलवैनींनी घाई केली.

रसूलची सुई केव्हाच थांबली होती. "म्हंजे हे योजनेचं न्हाईच?"

"कुठलं वो! योजनेचं म्हंजे सरकारनं आपल्या खिशातनं द्यायचं. हे आमच्याच खिशातलं, फिरून आमच्याकडं आलंय."

"मग उद्या योजनेचं आलं, तर हे त्यातनं वळतं करतील का?" जोतीरामला नवीच चिंता लागली.

"ह्याचा त्याचा काय संबंध? ते यायचं तवा यील. आजून गावात कुणालाच आलं न्हाई. मांडववालाच गायब हाय."

रसूल उठून पायरीपाशी आला. "जोत्या, खरं सांग. तुला सरकारनं काय दिलं न्हाई?"

"न्हाई."

"दमडी न्हाई?"

"न्हाई रं. माझंच मला मिळालं."

रसूलच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो योजनेचे पैसे येऊनही पसरला नसता. "आरं मग आधी बोलायचं न्हाई व्हय? आठ दिस झालं, जेवण गोड लागंना मला!"

"मला तरी कुठं ठावं हुतं?"

"लय बरं झालं," रसूल म्हणाला आणि कापूस झटकून जागा केली. "बस की. उभा का?"

जोतीराम नवरीच्या चिरलेल्या गादीवरच ऐसपैस बसला. रसूलही त्याला खेटून बसला. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितले.

"हिचं पैसं कोण देणार?" रसूलने विचारले.

"आकाराम," जोतीराम म्हणाला.

दोघांचे असे एकमत झालेले बघून मला खरोखर भरून आले, खोटे कशाला सांगू. मी खिशात हात घातला.

"आन् ह्येचा रिफंड मागायचा न्हाई हां," जोतीराम म्हणाला, आणि रसूल इतका हसला की गादीत उरलासुरला कापूसही उडाला.