थ्रू प्रॉपर चॅनल

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत वसुधाजींसमोर कुणाला पोक काढून उभं राहता येत नाही. "भैया, कंधे पीछे!" हे त्या गेटवरच्या चौकीदाराला सांगतात, तसंच सोसायटीच्या सेक्रेटरीलाही. तो बिचारा त्या लिफ्टपाशी दिसल्या की जिन्याने जातो.

वर्षातली एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, वसुधाजी जागतिक सौंदर्यस्पर्धेसाठी राखून ठेवतात. आपल्याकडे ती सकाळी दिसते. ठेवणीतली साडी नेसून त्या टीव्हीसमोर बसतात आणि मला पोहे खायला बोलावतात. एकाच मंत्रालयात आम्ही कारकून म्हणून लागलो. त्या सहा महिन्यांनी सीनियर, म्हणून त्या मला 'तू' म्हणतात आणि मी त्यांना 'तुम्ही'. लग्न दोघांनीही केलं नाही.

"ही व्हेनेझुएला बघ, मोहन. चाल बिल्कुल पाण्यासारखी. पण हसते अशी, जसा डीए जाहीर झालाय!"

शेवटचा प्रश्न आला की त्या उभ्या राहतात आणि सुंदरीच्या आधी मराठीत उत्तर देऊन मोकळ्या होतात. एकदा फिलिपिन्सच्या मुलीचा आवाज कापायला लागला, तर या टीव्हीजवळ जाऊन तिला सांगत होत्या, "अगं, श्वास घे आधी."

या वेडाचं मूळ मला ठाऊक आहे. तेविसाव्या वर्षी त्यांनी अशाच स्पर्धेच्या भारतातल्या फेरीसाठी अर्ज केला होता. दुसरी कुणी असती तर पाकीट गुपचूप पोस्टात टाकून आली असती. यांनी, सरकारी नोकर म्हणून, थ्रू प्रॉपर चॅनल, म्हणजे ऑफिसमार्फत केला! सोबत राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले दोन फोटो. ना हरकत प्रमाणपत्रासाठी फाइल माझ्या टेबलावर आली. 'नियमांत तरतूद आढळत नाही, स्पष्टीकरण मागवावे' असा शेरा मारून मी ती दुसऱ्या विभागाकडे धाडली. परत आली तेव्हा आणखी एक शंका काढली. मुदत टळली. सेक्शनमध्ये सगळे हसले. मीही हसलो.

नियमांचं मला काही पडलेलं नव्हतं. त्या निवडल्या गेल्या तर उद्यापासून समोरच्या टेबलावर कोण दिसणार, एवढंच डोक्यात होतं. आणि तेवढंच त्यांना सांगायची हिंमत मला आजवर झाली नाही.

यंदा पहिल्या पाच जणी रांगेत उभ्या असताना मी बोलून टाकलं.

"वसुधाजी, तुमची ती फाइल मी मुद्दाम अडकवली होती."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"माहीत आहे. मागवून पाहिली होती मी. अक्षर तुझंच."

"मग कधी बोलला नाहीत?"

"शेरा वाचला, पण कारण कुठे लिहिलं होतंस? ते तू तोंडी सांगशील असं वाटलं. तीन वर्षं तुझ्या टेबलावर येऊन डबा खाल्ला की मी."

मला वाटायचं, माझ्या टेबलावर पंखा होता म्हणून.